आईच्या पायथ्याचं चाक

बाबा बांधकाम खात्यात ट्रेसर होते. इंजिनिअर लोक पेन्सिलीने नकाशा काढायचे आणि बाबा त्यावर पारदर्शक कागद पसरून तोच नकाशा शाईने उतरवायचे. पूल, नाले, सरकारी विश्रामगृहं. जन्मभर दुसऱ्याच्या रेषेवरून पेन नेलं. म्हणूनच असेल, एक तरी गोष्ट स्वतःच्या मनाने काढावी असं त्यांना फार वाटायचं. ती गोष्ट म्हणजे ते चाक.

चाक सायकलचं होतं, जुनं. रिमला त्यांनी काळा रंग दिला, कडेने लोखंडी पट्ट्या बिजागरीसारख्या बसवल्या आणि प्रत्येक पट्टीच्या टोकाला एक जड नट लावला. चाक फिरलं की एका बाजूच्या पट्ट्या बाहेर पडायच्या, दुसऱ्या बाजूच्या आत मिटायच्या. बाहेर पडलेली बाजू जड, म्हणून ती खाली येणार. तोवर पुढची पट्टी बाहेर पडणार. असं ते फिरतच राहणार, ना वीज, ना कोणाचा हात. एकदा ते जमलं की पट्टा लावून त्याला पंखा जोडायचा होता. पंखा आईसाठी.

आईचं हृदय दुबळं झालं होतं. चार पावलं टाकली तरी धाप लागायची, पाय सुजायचे, आणि त्या वर्षी होळीनंतर तिने अंथरूणच धरलं. आमच्याकडे कूलर होता, खिडकीला खसची ताटी होती, पण वीज नेमकी भर दुपारी जायची. कूलरचा आवाज थांबला की मला भीती वाटायची, कारण मग खोलीत आईचा श्वास ऐकू यायचा.

घर दोन खोल्यांचं. लाकडी घोडीवर उभ्या केलेल्या चाकाला जागा एकच होती, पुढच्या खोलीत, आईच्या खाटेच्या पायथ्याशी.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. शाळेत माझं इंग्रजी नागपुरी वाटायचं आणि घरी माझं मराठी पुस्तकी, म्हणून दोन्हीकडे मी कमीच बोलायचे. बाबांना मात्र माझ्या इंग्रजीचा अभिमान. कॉलेजात मी विज्ञान घेतलं होतं. आईने अंथरूण धरलं त्या दिवसांत एका संध्याकाळी ते म्हणाले, "तुझ्या इंग्लिश पुस्तकात याच्याबद्दल काय लिहून आहे? वाच बरं."

मी वाचलं. मग मराठीत सांगितलं की ऊर्जा आपोआप तयार होत नाही. जेवढी घालू तेवढीच मिळते, आणि त्यातलीही थोडी थोडी घासण्यात जाते. असं चाक शेवटी थांबतं.

"थांबतेच?"

"थांबतंच, बाबा."

"त्या पुस्तकवाल्यानं नागपूरचा मे महिना नसंल पाहिला," ते म्हणाले आणि हसले. मग त्यांनी चाकाला गती दिली. आम्ही तिघंही बघत राहिलो. नट पडत होते, टक, टक, टक. मग अंतर वाढत गेलं आणि चाक थोडं मागे झुलून उभं राहिलं. बाबा बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आई उशीवरून मान वळवून त्या दाराकडे पाहत होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी चाक चालायला लागलं.

बाबा सकाळी ऑफिसला जाताना त्याला फिरवून जायचे आणि संध्याकाळी सायकल टेकवून दारात आले की ते फिरतच असायचं. पहिल्या दिवशी त्यांनी मला हाक मारली ती अशी, की मला वाटलं आईला काही झालं. त्या दिवसापासून चाकाला कोणी हात लावायचा नाही असा नियम झाला; पंख्याचा पट्टाही त्यामुळे लांबणीवर पडला. बाबा आल्यावर थोड्याच वेळात मात्र ते थांबायचं, आणि रविवारीही. बाबा दिवसभर त्याच्यासमोर बसायचे आणि ते थांबायचं. "मी खुडबुड करतो म्हणून थांबते," ते म्हणायचे. "त्याले त्याच्यावर सोडलं पाहिजे."

शेजारचे काका भिंतीवरून विचारायचे, "काय गा, फिरून राहिलं का तुमचं चाक?"

"सकाळपासून!"

"मंग आमच्याकडे बी एक तार टाका ना. बिजलीचं बिल तरी वाचंल."

आतून काकू ओरडायच्या, "तुम्ही चूप बसा जी. घरचा नळ महिन्यापासून टपकून राहिला, तो तं थांबवता येत नाही तुम्हाले."

"तेच तं म्हणतो! न थांबणारं यंत्र आपल्याकडे पहिलेपासूनच आहे."

सगळे हसायचे. बाबा सगळ्यांत जास्त. त्या उन्हाळ्यात ते जसे हसले, तसं हसताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

मला पटत नव्हतं. मी बाबांच्या आधी कॉलेजला निघायचे आणि त्यांच्या मागोमाग घरी यायचे, म्हणून दिवसा चाक काय करतं ते मी पाहिलं नव्हतं. बाबा ओट्यावर असताना मी घोडीखाली वाकून पाहिलं, कुठे लोहचुंबक आहे का. कूलरचा वारा पट्ट्यांवर येतो का तेही पाहिलं. काही नव्हतं. पुस्तक खोटं असू शकत नाही हे मला माहीत होतं, आणि बाबा खोटं बोलत नाहीत हेही.

एक दिवस कॉलेज लवकर सुटलं. मी मागच्या दाराने आले आणि स्वयंपाकघरात माठातलं पाणी पीत उभी राहिले. वीज गेलेली. पुढच्या खोलीत चाक स्तब्ध होतं. तेवढ्यात कोपऱ्यावर बाबांच्या सायकलची घंटी वाजली. त्या दिवशी तेही लवकर आले होते.

आईने डोळे उघडले. चादरीतून उजवा पाय बाहेर काढला, खाटेच्या कडेपलीकडे नेला आणि जोडव्याच्या बोटाने रिमला वरून खाली एक झटका दिला. मग दुसरा. टक, टक, टक. तिचं माहेर खाप्याचं, घरी हातमाग. लग्नाआधी तिचे पाय मागाखालच्या पट्ट्या दाबण्यात गेलेले, त्यामुळे झटका कुठे द्यायचा हे तिला शिकवावं लागलं नसेल. पण आता ते पाय राहिले नव्हते. बोटं इतकी सुजली होती की चांदीची जोडवी मांसात रुतली होती. डॉक्टरीणबाईंनी ती कापून काढायला सांगितलं, तर आई म्हणाली, "राहू द्या जी बाई. माझ्यासंगच जातील ते."

पाय परत पायांखालच्या उशीवर येईपर्यंत तिने पदर दातांत धरला होता. मग तिने मला पाहिलं.

"आई!"

"चूप राहा वं. आले ते."

फाटकाची कडी वाजली. बाबांनी दारातूनच पाहिलं, चप्पल न काढताच आत आले आणि म्हणाले, "पाहा! पाहा बरं!"

ते हातपाय धुवायला गेले तेव्हा मी तिच्याजवळ वाकले. "हे खोटं आहे, आई."

"खोटं काय आहे त्याच्यात? फिरून राहिलं ना?"

"काहून करतेस पण?" घरात मी नेहमी 'का' म्हणायचे, काहून कधीच नाही. त्या दिवशी निघालं.

ती जरा वेळ श्वास घेत राहिली. "तुझे बाबा दारातून पहिले चाकाकडे पाहते. फिरत असलं तं हसते. थांबलं असलं तं मंग माझ्याकडे पाहते." तिने पाय चादरीत ओढून घेतला. "तसं पाहिलेलं मले नाही सहन होत वं."

मी कोणाला काही सांगितलं नाही.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, चालू असताना एका सकाळी आई गेली. जोडव्यांसकट गेली. माणसं जमली, तेव्हा कोणीतरी चाक उचलून मागे धुण्याच्या दगडापाशी टेकवलं. तेरावं झाल्यावर बाबांनी ते पुसून परत त्याच जागी आणलं, रिकाम्या खाटेच्या पायथ्याशी, आणि ऑफिसला निघताना फिरवलं. ते फाटकापर्यंत पोचायच्या आतच चाक थांबलं.

त्यांना वाटलं, उचलाठेव करताना आस वाकला. त्यांनी आस बदलला. ग्रीस बदललं. प्रत्येक नट किराणा दुकानातल्या तराजूत तोलून आणला. संध्याकाळी दारात उभे राहून ते आधी चाकाकडे पाहायचे, मग खाटेकडे.

शेवटी ते मला न सांगता कॉलेजात गेले आणि आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांना घेऊन आले. सर वयस्क होते, सौम्य. चहा घेऊन त्यांनी चाक दोनदा फिरवलं. दोन्ही वेळा ते थांबलं.

"अशी यंत्रं घेऊन माझ्याकडे पुष्कळ लोक येतात," सर म्हणाले. "शेवटी कुठे बॅटरी निघते, कुठे दोरी. कुठे नुसता हात."

"माझ्या घरी तसं कोणी नाही, सर." बाबांचा आवाज बदलला. "दोन महिने चाललं हे. मी सकाळी फिरवून गेलो की संध्याकाळी फिरतंच राहायचं."

"तुम्ही गेल्यावर खोलीत कोण असायचं?"

"माझी मिसेस. पण ती बिचारी या खाटेवरून उठूही शकत नव्हती."

सरांनी खाटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कपबश्या गोळा करायला लागले. मग त्यांनी रिमवरून बोट फिरवलं. खाटेच्या बाजूने काळ्या रंगावर बारीक चरे होते, सगळीकडून. "इथे काहीतरी घासत होतं," ते हळू म्हणाले. "याहून जास्त मला सांगता येणार नाही."

बाबांना तेवढं पुरलं. सर गेल्याबरोबर ते बाजारातून पॉलिश पेपर घेऊन आले आणि चाक मांडीवर आडवं घेऊन जमिनीवर बसले. "घासते! म्हणून थांबते. मी वेड्यासारखा आस बदलत राहिलो. हे गुळगुळीत केलं की झालं."

पेपर रिमवर टेकला.

"बाबा, तिथे नका घासू."

"काहून?"

काहीतरी कारण सांगून चाक आत नेऊन ठेवता आलं असतं. मला कारण सुचलं नाही.

"तिथे आईचं जोडवं लागायचं."

त्यांना आधी कळलं नाही. ते माझ्याकडे पाहत राहिले, मग खाटेच्या कडेकडे, मग तिथून चाकाच्या जागेपर्यंतच्या वीतभर अंतराकडे. पेपर खाली ठेवून त्यांनी एका चऱ्यावर बोट ठेवलं आणि वरून खाली नेलं, नकाशावर नेत असत तसं. सगळे चरे वरून खालीच आले होते.

"रोज?"

"तुमची सायकल कोपऱ्यावर वाजली की."

मला वाटलं ते रागावतील, किंवा रडतील. त्यांनी बोट दुसऱ्या चऱ्यावर नेलं.

"पाय किती सुजले होते तिचे," ते म्हणाले. "दुखत नसंल का तिले?"

पुस्तकातलं वाक्य मी त्यांना जसंच्या तसं वाचून दाखवलं होतं. दातांत धरलेला पदर मला दाखवता आला नाही.

"नाही, बाबा. हसायची ती."

त्यांनी मान हलवली. पॉलिश पेपरची घडी करून खिशात घातली आणि अंधार पडेपर्यंत ते चाक मांडीवर थोडं थोडं फिरवत, एकेक चरा बोटाने शोधत बसले.