बोलरचा रिकामा डबा

बोलर कोणाच्याही घरी जेवला, तरी आपलं ताट स्वतः घासायचा. रॉटरडॅममधल्या आमच्या क्रिकेट क्लबात बहुतेक जण पुण्या-मुंबईचे आयटीवाले. हा सांगलीहून मास्टर्स करायला आलेला विद्यार्थी. चेंडू वेगात टाकायचा, म्हणून सगळ्यांचा बोलर. कोणी वहिनी ताट ओढून घेऊ लागल्या की म्हणे, "राहू द्या वहिनी. एवढं केलं की जेवण अंगावर येत नाही."

क्लब त्याला पैसे देत नसे. सामना झाला की कोणीतरी जेवायला न्यायचं, अशी पद्धत होती. न्यूझीलंडहून आणलेल्या फलंदाजाला मात्र फ्लॅट, गाडी आणि मानधन होतं. सामने जास्त बोलरने जिंकून दिले. यावर अध्यक्षांचं, म्हणजे दादांचं, उत्तर ठरलेलं असे: "तो प्रोफेशनल आहे. विद्यार्थ्याने आनंदासाठी खेळावं. पैसा आला की खेळ नासतो." दादांना स्वतःला इंजिनीअरिंगची जागा खेळाडूंच्या कोट्यातून मिळाली होती.

मग कोरोना आला. बोलर ज्या हॉटेलात भांडी घासायचा ते बंद पडलं. घरी पाहुणे घ्यायचे नव्हते, त्यामुळे जेवणंही थांबली. मुलांचा सराव तेवढा मैदानावर चालू ठेवता येत होता. मुलांना घरात ठेवून पालक कंटाळले होते. क्लबाने फी वाढवली आणि शिकवायला बोलरला उभं केलं. मुलं डचमध्ये भांडायची, तो मराठीत दटावायचा, "ए शहाण्या, कोपर सरळ!" आणि कोपरं सरळ व्हायची.

याचा मोबदला दादांच्या दाराबाहेर पायपुसण्यावर ठेवलेला असे. बोलरने बेल वाजवायची, जेवणाचा डबा उचलायचा. आतून काचेमागे हात हलायचा. डबा परत करताना तो कधी रिकामा देत नसे. चमचाभर साखर, नाहीतर एखादं लिंबू. "आई रागावेल," म्हणायचा.

एकदा सराव संपल्यावर त्याने दादांना मैदानावरच विचारलं, "दादा, खोलीचं भाडं थकलंय. मुलांच्या फीमधून काही मिळेल का? कामाचा परवाना क्लबाला काढावा लागेल. मी चौकशी केलीय."

"अरे, तू घरचाच ना! घरच्या माणसाला कोणी पगार देतं का?" दादा हसले. कमिटीही हसली.

"घरच्या माणसाला आत घेतात, दादा."

हसणं थांबलं. तो चेंडूंची पिशवी घेऊन समोर उभा असतानाच दादा आमच्याकडे वळून म्हणाले, "बघा. इतकं खाऊ घातलं, त्याचं हे."

संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांचा मेसेज आला: पैशासाठी खेळणाऱ्यांची क्लबाला गरज नाही. खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यातल्या बहुतेकांची मुलं बोलरकडेच शिकत होती. हे सगळे सुशिक्षित, सुखवस्तू, देशात पूर आला की आधी वर्गणी काढणारे लोक. ते अंगठे आठवले की आजही किळस येते.

बोलरला ब्रेडा शहराजवळच्या एका गोदामात काम मिळालं. तिथल्या मालकाने परवाना काढला, कुरकुर न करता. जाण्याआधी बोलर दादांच्या दाराशी पिशवी ठेवून गेला. बेल वाजवली नाही. दादांकडे क्लबाची किल्ली द्यायला मी पोचलो, तेव्हा वहिनी पिशवी उघडत होत्या. धुऊन घडी घातलेली जर्सी निघाली. तिच्याखाली डबा, नेहमीसारखाच लख्ख. वहिनींनी झाकण काढलं आणि आत बघत राहिल्या.

"काय दिलंय?" दादांनी आतून विचारलं.

"काही नाही," वहिनी म्हणाल्या.

"जर्सी आहे ना? नव्या पोराला होईल."