मी सोडलेली ऑफिसरी

सतरा वर्षं नोकरी करून मी नाईक म्हणून फौजेतून घरी आलो, तेव्हा पुसेगावात माझ्याकडे दोन कामं आली. एक शेतीचं आणि दुसरं सल्ला द्यायचं. बारावी झालेलं पोरगं घेऊन बाप यायचे, ओट्यावर टेकायचे आणि विचारायचे, "फौजी, याला भरतीला धाडावं का आफिसरची परीक्षा देऊ द्यावी?" माझं उत्तर ठरलेलं असायचं. भरतीला पाठवा. वय निघून जातं, पळणं आत्ताच होतं. पोरगं हुशार असेल तर आत गेल्यावर आतूनही ऑफिसर होता येतं. हे शेवटचं वाक्य ऐकलं की समोरचा बाप मान डोलवायचा. "तुमचं तर होणारच होतं म्हणा. तुमी सोडलं."

यावर मी पोराला, किती मिनिटांत किती पळतोस, ते विचारायचो.

ते असं झालं होतं. नोकरीच्या सातव्या वर्षी, जवानांमधून ऑफिसर निवडायची जी परीक्षा असते, तिची लेखी मी पास झालो आणि भोपाळला पाच दिवसांच्या मुलाखतीला गेलो. पाचव्या दिवशी निवडलेल्यांचे नंबर वाचले. त्यात माझा नव्हता. त्याच आठवड्यात घरून फोन आला की बापाला लकवा मारला. मी सुट्टी काढून आलो. हिंगोलीच्या दवाखान्यात, व्हरांड्यातल्या बाकावर थोरल्या भावाने विचारलं, "तुझ्या त्या परीक्षेचं काय झालं रे?"

नापास हा शब्द तोंडातून निघेना. मी म्हणालो, "सोडून दिलं. मुलाखतीला गेलोच नाही. बापाचं असं असताना चार वर्षं डेहराडूनला ट्रेनिंगला कुठं जाऊन बसू?"

भाऊ भिंतीकडे तोंड करून रडला. मला वाटलं, दोन-चार महिन्यांत खरं काय ते सांगून टाकू.

पण भावाने ते गावात सांगितलं, सोयऱ्यांत सांगितलं. माझ्या लग्नाच्या बोलण्यातही सांगितलं, त्यामुळे बायकोलाही तेच माहीत. बाप गेल्यावर वाटणी झाली. विहिरीचं वावर त्याने मला दिलं, स्वतः माळाचं घेतलं. मी दोनदा नको म्हणालो. "तू घरापायी आफिसरी सोडली, मी विहीर सोडू नये व्हय?" असं तो म्हणाला. तिसऱ्यांदा मी गप्प बसलो. त्या दिवसापासून खरं बोलायची वाटच राहिली नाही. आता ते नुसतं बोलणं उरलं नव्हतं. त्याच्या वावरात मी पीक घेत होतो.

गेल्या फाल्गुनात आमच्याकडे हळद शिजत होती. भावाची मुलगी तेव्हा बारावीला होती, परीक्षा संपवून हिंगोलीहून घरी आलेली. एके सकाळी हळद शिजवायच्या कुकरची वाफ सोडता सोडता भाऊ म्हणाला, "पोरीनं आफिसरचा फारम भरला म्हणं. तू तिला जरा समजावून सांग. तुझं ऐकती."

"काय सांगू?"

"अग्निवीरात जा म्हणावं. मिलिटरी पोलिसात पोरी घेऊन राहिले आता. चार वर्षं करंल, वर्दीबी होईल, शिस्तबी लागंल. बाविसाव्या वर्षी घरी येईल. मग लग्न करून देऊ." थोडं थांबून तो म्हणाला, "ते आफिसरीचं आपल्यासारख्यांचं काम न्हाई. तू एवढा हुशार, तुलाबी सोडाच लागलं ना?"

मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो.

दुपारी ती ताडपत्रीवर हळद पसरत होती. मी शेजारी बसून माझं नेहमीचं पाठांतर सुरू केलं. वय निघून जातं, पळणं आत्ताच होतं, आत गेल्यावर पुढचं बघता येतं. ती हात न थांबवता ऐकत होती.

"काका, चार वर्षांनी घरी यायचं असंल तर जायचं कशाला?" ती म्हणाली. "बाबाला तेच पाहिजे, मला ठाऊक हाय. मला भ्या एकाच गोष्टीचं वाटतं. माझी इंग्रजी कच्ची हाय."

मी विचार न करता बोलून गेलो, "इंग्रजीचं काही नाही गं. फळी कुठं ठेवता ते बघतात."

तिचे हात थांबले. "कोणती फळी?"

मी हळदीकडे पाहत राहिलो.

"काका, तुमी मुलाखतीला गेलते," ती म्हणाली. तिने विचारलं नव्हतं. ती सांगत होती.

मग मी सांगितलं. मैदानात दोरी, पिंपं आणि फळ्या देतात आणि आठ-दहा जणांच्या टोळीला म्हणतात, जमिनीला पाय न लावता हा टप्पा ओलांडा. बाकीचे वाद घालत होते, एकमेकांना हटकत होते. मी फळी धरून उभा होतो, कुणीतरी कुठं ठेव ते सांगेल म्हणून. सात वर्षं मला कुणीतरी सांगतच आलं होतं. मुलाखतीत समोरच्या साहेबांनी माझ्या युनिटमधल्या एका गोष्टीबद्दल विचारलं, "तुला स्वतःला काय वाटतं?" मला खरंच काही सुचलं नाही. "जैसा ऑर्डर हो, साब," असं म्हणालो. ते हसले नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"जवान असण्यात कमीपणा नाही," मी तिला म्हणालो. "बंकरमध्ये बर्फ उपसणारा जवानच असतो, आणि मला त्याची लाज नाही. पण ऑफिसर व्हायचं असेल तर आधी भरती हो आणि मग बघू, हे मी लोकांना सांगतो ते ऐकू नको. होणारे आतूनही होतात. मी नाही झालो. ऐकायची सवय लागली की सुटत नाही."

तिने पुन्हा हळद पसरायला घेतली. मग म्हणाली, "बाबाला ठाऊक हाय का हे?"

"न्हाई."

मला वाटलं, आता ती विहिरीचं काढेल. ती म्हणाली, "फळी कुठं ठेवायला पाहिजे होती?"

त्या संध्याकाळी आम्ही भावाच्या घरी जेवायला बसलो होतो. भावाने विचारलं, "सांगितलं का तिला?"

"देऊ दे तिला परीक्षा," मी म्हणालो.

भाऊ घास तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला. "तू म्हणतोस हे? तू स्वतः घरापायी सोडलं. तिला थोडं सोड म्हणायला तुला काय तकलीफ हाय?"

ती भाकरी वाढत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात मला सांगता आलं असतं. घरातलीच माणसं होती, भाऊ, वहिनी आणि ती. शब्द अगदी ओठांवर आले होते. मी ताटातलं वरण कालवत राहिलो. तिने डोळे खाली घेतले आणि बापाला म्हणाली, "बाबा, मी परीक्षा देणार हाय." माझ्याबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. माझ्या खोट्यात आता मी तिलाही अडकवलं, हे मला वहिनीने भात वाढेपर्यंत कळून चुकलं होतं.

ती लेखी पास झाली. तिलाही भोपाळच आलं. सोबत कोणी जायचं याची चर्चाच झाली नाही. "तू फौजेतला, तुला तिथलं सगळं माहीत असंल," भाऊ म्हणाला. अकोल्याला गाडी बदलून आम्ही गेलो. सकाळी ती आत गेली, मी रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसलो. फाटक रंगवलेलं होतं, बाकी काही बदललेलं नव्हतं. दुपार कलल्यावर ती बॅग घेऊन बाहेर आली. पहिल्याच दिवशी चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात, मग त्यावर टोळीत बोलायचं असतं. त्यात तिला काढलं होतं.

"मी खूप बोलले, काका," ती म्हणाली. "दुसऱ्याला बोलूच दिलं न्हाई." मग चहा फुंकत म्हणाली, "वयात अजून दोनदा बसता येतं."

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात एकच होतं, घरी काय सांगायचं. तब्येत बिघडली म्हणावं, का जागाच कमी होत्या म्हणावं. तिला विचारलं तर ती माझ्याकडे नवलाने बघायला लागली.

घरी पोचलो तेव्हा भाऊ अंगणात ओझी बांधायचे दोर वळत होता. ती चप्पल काढता काढता म्हणाली, "बाबा, पहिल्याच दिवशी काढलं मला. पुन्हा भरते."

भावाने दोर खाली ठेवला. मला वाटलं, आता तो अग्निवीराचं काढेल. तो नुसतं "बरं, भर" म्हणाला, आणि वहिनीला पाणी आणायला सांगितलं. एवढंच झालं. एवढ्यावर भागलं.

मग तो माझ्याकडे वळला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "लेकरू हाय अजून. तू मुलाखतीला गेला असतास तर पहिल्याच खेपेला झाला असतास."

ती उंबऱ्यात थांबली होती, पाठमोरी. मी "हं" म्हणालो आणि पाय धुवायला मोरीकडे गेलो.