पालथी तरंगणारी बाई

अंधेरीतल्या स्विमिंग पूलवर स्कूबाचा वर्ग होता. बेशुद्ध माणसाला पाण्यावर कसं वाचवायचं, याचा सराव. माझ्या जोडीला पन्नाशीची एक अनोळखी बाई आली. मास्कचा पट्टा दोनदा चाचपून ती बेशुद्धीचं सोंग घेत पालथी तरंगू लागली. मी तिला उताणं केलं, मास्क काढला, हाका मारल्या. मान लुळी, ओठ उघडे.

"अहो, पुरे ना आता!"

ती हललीच नाही. सरांना हाका मारत मी तिला काठाकडे ओढू लागलो, तेव्हा तिने डोळे उघडले.

"घाबरलास ना? घाबरायलाच हवं रे. माझा नवरा मालवणला असाच तरंगत होता. मला वाटलं, मस्करी करतोय."

मग माझी पाळी आली. मी पालथा होतो न होतो, तोच तिने मला उलटं केलं.