नळी आखूड पडली म्हणून

आमच्या गाडीला काटा बसवावा लागला तो माझ्या माहेरच्यांमुळे, असं आमचे हे शेवटपर्यंत म्हणत. खरी गोष्ट अशी की माझ्या भावाच्या मुंजीला आम्ही परंड्याहून धाराशिवला पोचलो, तेव्हा मातृभोजन आटोपून बटू भिक्षावळीला निघाला होता. वाटेत गाडीचं पाणी चार वेळा उकळलं होतं. चारही वेळा ते आम्हाला बॉनेटमधून वाफ निघाल्यावर कळलं. मांडवात माझे काका सुपारी कातरत बसले होते. ते म्हणाले, "या. पान तरी वेळेवर मिळालं."

ह्यांची वकिली परंड्याच्या कोर्टात. गाडी मूळची एका जहागीरदाराची. निजामाचं राज्य गेलं, जहागिरी गेल्या, जहागीरदार हैदराबादेस निघून गेले आणि गाडी त्यांच्या कारभाऱ्याच्या गोठ्यात राहिली. ह्यांनी ती घेतली तेव्हा मागच्या बैठकीवर एक कोंबडी अंडी उबवत होती. तिला उठवलं तर ती भारी चिडली. तिचं काही चुकलं नव्हतं, असं मला पुढे कितीतरी वेळा वाटलं.

तर मुंजीच्या त्या फजितीनंतर ह्यांनी ठरवलं की पाणी किती तापलंय ते उकळण्याआधी कळलं पाहिजे. कुर्डुवाडीला एक म्हातारे मिस्त्री होते. मोडीत निघालेल्या लष्करी ट्रकांचे उष्णता दाखवणारे काटे काढून ते दुसऱ्या गाड्यांना बसवून देत. एका रविवारी ते स्वतःच एसटीनं आले, फडक्यात काटा गुंडाळून. पांढरी तबकडी, फॅरनहाइटचे काळे आकडे, शंभरापासून दोनशे वीसपर्यंत. मागून तांब्याची बारीक नळी निघालेली आणि तिच्या टोकाला बोटाएवढा पितळी दांडका. तो दांडका इंजिनाच्या पाण्यात बसवायचा, म्हणजे पाणी तापेल तसा काटा चढतो. दोनशे बाराला पाणी उकळतं, हे ह्यांनी मला भाताच्या पातेल्याकडे बोट दाखवून समजावलं. पाणी कधी उकळतं हे मला कळत नव्हतं म्हणून आजवर त्यांनी कच्चा भात खाल्ला होता जणू.

अडचण नळीनं केली. ती कापता येत नाही आणि जोडताही येत नाही. स्टिअरिंगच्या बाजूला नेली तर हातभर कमी पडायला लागली. डावीकडून आणली तेव्हा कुठे पुरली, पण ती पोचली बरोबर मी बसते तिथे. मिस्त्रींनी डोकं खाजवलं.

"नली छोटी पडी, साब. अब बाईसाब देखते, आप चलाते. और क्या होना?"

ह्यांना अजून पुष्कळ काही होना होतं, पण मिस्त्रींनी तोवर माझ्यासमोरच्या सागवानी फळीला भोक पाडायला घेतलं होतं. अशा रीतीनं त्या नळीच्या आखूडपणामुळे मी आमच्या गाडीची कायमची साक्षीदार झाले.

साक्षीदार म्हणते ते उगाच नाही. मिस्त्रींनी दोनशेपर्यंत काळजी नाही असं सांगितलं होतं. ह्यांनी त्यातून वीस वजा केले आणि एकशे ऐंशीला गाडी थांबलीच पाहिजे असा कायदा केला. मग दर दोन मिनिटांनी उलटतपासणी.

"काटा किती?"

"एकशे पन्नास."

"नक्की?"

"पन्नासच्या जरा पुढं."

"जरा म्हणजे किती? अंदाजानं बोलायचं नाही. दिसतं तेवढंच सांगायचं."

रस्त्यावर बाभळी आहेत की बैल आहेत, हे मला त्या दिवसांत दिसायचं बंद झालं. सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला गेलो, दहा मैलांचंही अंतर नाही, तर तीनदा थांबलो. थांबलो की बॉनेट उघडायचं, काटा एकशे चाळीसवर उतरेपर्यंत लिंबाखाली बसायचं. तिथे ह्यांचा एक पक्षकार बैलगाडी घेऊन चालला होता. तो उतरून आला आणि कौतुकानं तबकडीकडे बघत राहिला.

"वकीलसाब, ह्ये घड्याळ कशाचं म्हनायचं?"

"इंजिनातलं पाणी किती तापलं ते सांगतं."

"तापल्यावर वाफ येतीच की."

"वाफ यायच्या आधी कळतं."

त्यानं विचार केला. "आन् कळल्याव काय करता?"

"थांबतो."

"आन् वाफ आली तर?"

"तेव्हाही थांबायचंच."

"मंग ठीक हाय," तो म्हणाला आणि आपल्या गाडीत जाऊन बसला. आमच्या आधी तो सोनारीला पोचला.

थोडक्यात, काटा नव्हता तेव्हा आम्ही धाराशिवच्या वाटेवर चार वेळा थांबायचो, काटा आल्यापासून दुप्पट थांबायला लागलो. हे मी बोलून दाखवलं तर हे म्हणाले, "पण आता आपण समजून थांबतो."

त्याच वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न धाराशिवला ठरलं. ही माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तिच्या वेळच्या बाळंतपणात आई अंथरुणाला खिळली ती दीड वर्ष उठली नाही, म्हणून हिला मी कडेवर वाढवलेलं. मला शाळेतून काढलं ते हिच्यासाठीच, आणि त्याचा मला कधी राग आला नाही. तिचं पत्र आलं, त्यात बाकीचा मजकूर वडिलांनी सांगितलेला दिसत होता, पण खाली तिनं स्वतःचं लिहिलं होतं: "ताई, मुंजीसारखं करू नकोस. तू समोर दिसली नाहीस तर मी हार घालणार नाही." ती हट्टी होती. मीच केली होती हट्टी.

मी म्हटलं, मी आदल्या दिवशी एसटीनं जाते. ह्यांची आदल्या दिवशी कोर्टात तारीख होती. एसटी हा शब्द ऐकून ह्यांचा चेहरा असा पडला की जणू मी दुसरा वकील लावते म्हणाले. "काटा बसवलेली गाडी दारात असताना माझी बायको एसटीनं जाणार? मुहूर्त अकरा सतराचा. पहाटे साडेपाचला निघू, नऊला चहा घेऊ तुझ्या घरी." खरं म्हणजे त्यांना तो काटा माझ्या काकांना दाखवायचा होता. हे मला कळत होतं, आणि तरी मी हो म्हटलं. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेण्यात आम्हा बायकांचा हात कुणी धरणार नाही.

निघालो साडेसहाला, कारण काटा पुसायचा होता. बार्शी येईपर्यंत दोनदा थांबलो. बार्शी सोडल्यावर आणखी दोनदा. चौथ्यांदा थांबलो तेव्हा ह्यांच्या मनगटावरच्या घड्याळात पावणेदहा झाले होते. पुढे येडशीचा घाट. घाट चढून वर गेलं की धाराशिव बारा मैल. मी मनात हिशेब केला. एका थांब्याला अर्धा तास जायचा; घाटात एकदा जरी थांबलो तरी संपलं. शालू नेसून मी तिथे दगडावर बसले होते आणि मला इतका संताप आला होता की ती तबकडी दगडानं फोडावी असं वाटत होतं. दगड हाताशीच होता.

पण काटा फोडला तर हे गाडी हलवणारच नाहीत, हे मला माहीत होतं. म्हणून मी फोडला नाही.

गाडी घाटाला लागली. काटा एकशे साठवर होता. मग सत्तर. पहिल्या वळणावर ऐंशीच्या रेघेला टेकला.

"काटा किती?"

"एकशे साठ," मी म्हणाले.

माझ्या तोंडून ते इतकं सरळ निघालं की माझी मीच चकित झाले. लहानपणापासून मला खोटं बोलता येत नसे. बोलले तर कान लाल होत. तेव्हाही झाले असणार, पण पदर डोक्यावर होता.

"नक्की?"

"एकशे साठ. रेघेवर आहे."

दुसऱ्या वळणावर काटा दोनशेच्या जवळ गेला. ह्यांनी विचारलं, मी म्हणाले, "एकशे पंचावन्न."

"चढावर उतरला?"

"वारा लागतोय ना समोरून."

झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. ह्यांनी गिअर बदलला. मी पदर सावरल्यासारखं करून तबकडीवर ओढला, न जाणो हे वाकून बघतील. पदराखालून मला तेवढा काटा दिसत होता. तो दोनशे दहाला आला, मग बारा ओलांडून आकडे संपतात तिथे जाऊन चिकटला. गरम लोखंडाचा वास यायला लागला.

"कसला वास येतोय?" ह्यांनी विचारलं.

"रानात कुणीतरी चूल पेटवलीय."

रामलिंगाचं रान बाजूला होतं. मी रामलिंगाला एक अभिषेक बोलले. अर्ध्या मैलानं आतून भांडी आपटल्यासारखा आवाज यायला लागला तेव्हा एकाचे अकरा केले. हे मात्र समोर बघून चालवत होते. एरवी आवाज झाला की गाडीआधी ह्यांचं हृदय थांबायचं. आज काय झालंय, असं मला वाटून गेलं, पण विचार करायला माझ्यापाशी जागा नव्हती.

घाटावरचे बारा मैल कसेबसे काढून धाराशिवात आमच्या आळीच्या तोंडाशी गाडीनं शेवटचा श्वास सोडला. बॉनेटच्या चारी बाजूंनी वाफ उठली. इंजिनाचं वरचं झाकण तडकलं होतं, ते पुढे मिस्त्रींनी दाखवलं. हे म्हणाले, "तू जा. पळ."

मी शालूचा ओचा खोचला आणि आळीतून पळाले. तिसरं मंगलाष्टक चाललं होतं. कुणीतरी मुठीत अक्षता कोंबल्या. अंतरपाटाच्या कडेनं ती मान वाकडी करून दाराकडेच बघत होती, भटजी तिला सरळ उभी राहा म्हणून खुणावत होते. मी दिसले तशी ती सरळ उभी राहिली. मी रडले, आणि अक्षता नवऱ्या मुलावर पडायच्या त्या काकांच्या टोपीवर पडल्या.

हे अर्ध्या तासानं आले, तेही लंगडत. नवे पंपशू चावतात म्हणाले. काकांनी काट्याचं विचारलं, तेव्हा ह्यांनी भर पंगतीत सांगितलं की घाटात तो एकशे साठच्या वर गेला नाही. मी वाढत होते. माझ्या हातून मठ्ठा सांडला.

संध्याकाळी बहिणीची पाठवणी झाली आणि परसात हे पाय सोडून बसलेले दिसले. मी जवळ गेले. उजवा तळवा लालभडक होता आणि बोटांखाली दोन मोठे फोड आले होते. गाडी चालवताना हे अनवाणी असत. पेडल पायाला कळलं पाहिजे म्हणत. लोखंडी पेडल, आणि त्याच्या पलीकडे लगेच इंजिन.

परसात कोरफड होती. मी पान चिरून गर लावायला बसले.

"कधी भाजलं?"

"दुसऱ्या वळणापासून भाजत होतं."

"मग थांबला का नाहीत?"

ह्यांनी पाय जरा मागे घेतला, कारण गर झोंबत होता.

"तू एकशे साठ म्हणालीस ना," ते म्हणाले.