तोफेचा उशिरा आलेला आवाज

साठच्या दशकात मी लोणावळ्याच्या एका थिएटरात ऑपरेटर होतो. कुठली प्रिंट किती गावं फिरून आलीय, हे मी पहिल्या दहा मिनिटांत सांगत असे. म्हणूनच वलवणला बंगला असलेल्या मुंबईच्या एका शेठजींनी घरी सिनेमा बघायला छोटं मशीन घेतलं, तेव्हा प्रिंट तपासायला मला बोलावलं.

चित्रपट युद्धाचा होता. पुण्याचा एक विक्रेता तो तीन डब्यांत घालून घेऊन आला होता. प्रिंटवरून प्रिंट काढून ती नवी म्हणून खपवणारे मी पुष्कळ पाहिले होते. त्यामुळे माणूस नीट बोलत होता, चहासुद्धा नको म्हणाला, तेवढ्यावरच मला त्याचा संशय आला.

दुपारी हॉलचे पडदे ओढले. दाराशी बंगल्याचा राखणदार उभा राहिला. आंबी गावचा, पन्नाशीतला माणूस. सगळे त्याला भाऊ म्हणत.

पहिलं रीळ स्वच्छ होतं. चेहऱ्यांच्या कडा शाबूत, काळा रंग काळाच, आवाजात खरखर नाही. दुसरंही तसंच. खोट सापडेना, तसा मी आणखी ताठ बसलो. तिसऱ्या रिळात डोंगरामागून तोफा सुरू झाल्या. पडद्यावर उजेड चमके, आणि आवाज मागाहून येई. तोही नुसता धप्प.

मी मशीन थांबवलं. "आवाज मागे पडतोय शेठजी. हे रीळ प्रिंटवरून काढलेलं आहे."

"मूळ चित्रपटातच तसं आहे," विक्रेता म्हणाला.

तेवढ्यात दारातून भाऊ बोलला, "बरुबर हाय ते सायेब. लांबची तोफ अशीच वाजती. आदी उजेड, मग आवाज. आमी बर्मात व्हतो तवा मदी आकडे मोजायचो."

तो लढाईवर जाऊन आलाय, हे मला तेव्हा कळलं. पण सकाळी फाटकाशी विक्रेता आणि तो बोलत उभे होते, तेही मी पाहिलं होतं. मी शेठजींना बाजूला घेऊन तेवढंच सांगितलं. दोघांचं संगनमत आहे, हे वेगळं सांगावं लागलं नाही. विक्रेत्याने डबे बांधले आणि स्टेशनची वाट धरली. आठवड्याभरात बंगल्यावर नवा राखणदार दिसला.

महिनाभराने मी सायकलवरून कार्ल्याकडे निघालो होतो. समोरच्या डोंगरात खाणीचं काम चाललं होतं. सुरुंगाच्या पांढऱ्या धुराचा लोट उठला. मी बघतच राहिलो. धूर पसरायला लागला, आणि मग धप्प असा आवाज आला.

मी सायकलवरून उतरलो. त्या तिसऱ्या रिळात तोफांच्या आधी दोन शिपाई बोलत होते. त्यांचे ओठ आणि शब्द अगदी जुळले होते. आवाज खरंच मागे पडत असता, तर तिथेच कळलं असतं. ऑपरेटर म्हणून ते आधी मी बघायला हवं होतं. मी खोट शोधत होतो, म्हणून ओठांकडे बघितलंच नव्हतं.

शेठजींना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या हो. नवा गडी बरा आहे." विक्रेत्याला पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं नाही.

मग आंबीला गेलो. भाऊ बांधावर गवत कापत होता. मी सगळं सांगितलं. त्याने विळा खाली ठेवला नाही.

"त्या दिवशी फाटकावर काय बोलत होता तुम्ही दोघं?" मी विचारलं. खरं म्हणजे चूक कबूल करायला आलो होतो, तरी मला ते जाणून घ्यायचंच होतं.

"त्यो परतीच्या गाडीचं इचारत व्हता. दुपारची गाडी घावल का म्हनला."

"तुम्ही मला तेव्हाच सांगायला हवं होतं, भाऊ."

"तुमी मला कुटं इचारलं? शेटला जाऊन सांगितलंत."

त्याच्या बायकोने पाणी आणून दिलं. ते प्यायलो आणि उन्हातच परत निघालो. वाटेवरच्या वराळ्यापर्यंत सायकल हातात धरून चालत आलो.