मावशीने हात वर केला

आमच्या मनोरुग्णालयात आयांना मावशी म्हणतात आणि पुरुष शिपायांना मामा. मावश्या बऱ्याच होत्या, पण नुसतं ‘थोरली’ म्हटलं की एकच डोळ्यांपुढे यायची. उंच, हाडापेराने मजबूत, आवाज असा की व्हरांड्याच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाची बाई अंथरुणात उठून बसायची. कुठल्याही वॉर्डात कोणी बिथरलं की तिला बोलावणं यायचं. हातातला चहा तसाच ठेवून ती निघायची. जुन्या चादरी फाडून केलेले चार पट्टे कमरेला खोचलेले असायचे. मनगटं दोन, घोटे दोन. अर्ध्या मिनिटात बाई खाटेला बांधलेली.

“मला यात मजा वाटते असं समजू नका हं सिस्टर,” ती एकदा मला म्हणाली. “पण कोणीतरी करायलाच हवं ना. बेचाळीस बायका आणि आपण तिघी. एक पेटली की दहा पेटतात.”

मी त्या वॉर्डची सिस्टर. मला ते पटायचं. थोरली माझ्याबरोबर पाळीला असली की मी निर्धास्त असायचे, हे आधीच सांगून टाकते.

तेरा वर्षांपूर्वी वॉर्डात उवा झाल्या आणि सगळ्यांचे केस कापायचा हुकूम निघाला. दुपारी न्हावी आला, खुर्ची मांडली, बायकांना रांगेत बसवलं. रांगेत एक शिंपीणबाई होती. पन्नाशीची, चार महिन्यांपासून आमच्याकडे. बरी असली की सगळ्यांच्या उसवलेल्या झग्यांना टाके घालून द्यायची. माझ्या एप्रनचं बटणसुद्धा तिनेच लावलेलं. तिची वेणी कमरेपर्यंत होती.

“मुलगी रविवारी येते. ती विंचरून देईल, औषध लावेल. कापू नका,” एवढंच ती सांगत होती. आधी हळू, मग मोठ्याने, मग किंचाळून. न्हाव्याने वेणीला हात घातला तशी तिने त्याच्या तोंडावर फटका मारला. त्याच्या हातातली कात्री खाली पडली. ती कात्रीसाठी वाकली की नुसतीच वाकली, देव जाणे. मी ओरडले, “कात्री! मावशी, कात्री!”

थोरली आणि दोन मामा धावले. तिला जमिनीवर पालथं पाडलं. एकाने पाय दाबले, एकाने हात मागे पिरगाळले, थोरली पाठीवर बसली. मी इंजेक्शन भरायला वळले.

“दम कोंडतोय,” शिंपीणबाई म्हणाली. “उठा. दम कोंडतोय माझा.”

“बोलता येतंय म्हणजे श्वास येतोय,” थोरली म्हणाली. रागाने नव्हे, समजूत काढल्यासारखी. आम्हाला सगळ्यांना तेच ठाऊक होतं. कोणी शिकवलं ते सांगता येणार नाही. जुन्यांनी नव्यांना सांगितलेलं.

शिंपीणबाई आणखी दोनदा तेच म्हणाली. मग तिने पाय झाडले, आणि मग गप्प झाली.

“झाली शांत,” एक मामा म्हणाला. थोरली तरी उठली नाही. लगेच उठलं की पुन्हा उसळतात, हा आमचा अनुभव. मी इंजेक्शन दिलं. सुई टोचली तेव्हा ती दचकली नाही. तेव्हा कुठे आम्ही तिला उताणी केली. डॉक्टर धावत आले, अर्धा तास तिची छाती दाबत राहिले. काही उपयोग झाला नाही.

मोठ्या डॉक्टरांनी आम्हा चौघांना खोलीत बोलावून दार लावून घेतलं. “हृदय बंद पडलं. धरपकड झाली ती त्याच्या बरीच आधी. कळलं ना?” कागद पुढे सरकवला. थोरलीने सही केली, मामांनी केली, मीही केली.

मुलगी आली. चोवीस-पंचवीसची, आईसारखीच बारीक चणीची. तिने थोरलीला विचारलं, “शेवटी काही बोलली का हो?”

“नाही गं बाई. शांतपणे गेली.”

मुलीने तिचे दोन्ही हात धरले आणि आभार मानले.

थोरली दुसऱ्या दिवशी कामावर हजर होती. पुढची चार वर्षंही ती तेच काम करत राहिली, तेच पट्टे, तेच बोलावणं. मग वरून आदेश आला की सगळ्यांनी तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं: रुग्ण बिथरला तर त्याला न धरता, न बांधता कसं सांभाळायचं. शिकवायला दुसऱ्या रुग्णालयातला एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, आला होता. किडकिडीत, जाड चष्म्याचा. मामा लोक मागे कुजबुजले, “याला आमच्या वॉर्डात सोडा, शिंकेने उडेल.”

ब्रदरने मनावर घेतलं नाही. तो उभं राहायला शिकवू लागला. दोन हात अंतर ठेवून, थोडं तिरपं, हात दिसतील असे. दार अडवायचं नाही. बोलायचं एकानेच, बाकीच्यांनी मागे सरायचं. काय हवंय ते विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. “आपल्याला थांबता येत नाही,” तो म्हणाला. “सगळी मारामारी तिथून सुरू होते.”

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, “बोलता येतंय म्हणजे श्वास येतोय, असं इथे किती जणांना वाटतं?”

थोरलीने सगळ्यांत आधी हात वर केला. पाठोपाठ वीसेक हात वर गेले. त्यात माझाही होता.

“चूक,” तो म्हणाला. “शब्द फुटायला चिमूटभर हवा पुरते, जगायला नाही. पालथ्या माणसाच्या पाठीवर वजन पडलं की छाती फुगत नाही. तो सांगत राहतो आणि सांगता सांगताच मरतो. मग आपण म्हणतो, शांत झाला.”

थोरलीचा हात तसाच वर राहिला होता. शेजारणीने तो खाली ओढला. थोरली उठून बाहेर गेली. बाहेरचा नळ वाहताना आम्हाला आत ऐकू येत होता. दहा मिनिटांनी ती पदराने तोंड पुसत आली आणि जागेवर न बसता पुढे जाऊन उभी राहिली.

“चार वर्षांपूर्वी मी एका बाईला मारलं,” ती म्हणाली. “अशीच. पाठीवर बसून.”

सगळं सांगितलं तिने, कात्रीपासून सहीपर्यंत. ब्रदरने हळूच विचारलं, “तुमच्याबरोबर आणखी कोण होतं?”

“ज्याचं त्याने सांगावं.”

मी तिसऱ्या रांगेत होते. मान खाली घालून चपलांकडे बघत बसले.

त्याच आठवड्यात ती शिंपीणबाईच्या मुलीकडे गेली. पत्ता जुन्या नोंदवहीतून तिने स्वतः शोधला. परत आल्यावर कपड्यांच्या कोठीत मला गाठून सांगितलं.

“आत घेतलं तिने. पाणी दिलं. मग मी सांगून टाकलं.”

“काय म्हणाली?”

“विचारलं, किती वेळ बसला होतात? म्हटलं, चार मिनिटं तरी असतील. तिने भिंतीवरचं घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, बसा चार मिनिटं. बसले. ती बघत होती माझ्याकडे.” थोरलीने समोरची चादर उचलून फळीवर ठेवली. “फार असतात हो चार मिनिटं.”

“मग?”

“मग म्हणाली, जा आता. पुन्हा येऊ नका.”

मुलीने तक्रार केली. चौकशी पुन्हा उघडली. मोठे डॉक्टर तोवर निवृत्त झाले होते. त्यांनी कानावर हात ठेवले. दोन्ही मामांनी सांगितलं, म्हातारीचं डोकं फिरलंय, इतकी वर्षं वेड्यांत काढली ना. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं. मी खरं ते सांगितलं. त्यात शूरपणा काही नव्हता. थोरली बाहेर बाकावर बसली होती आणि आत जायला मला तिच्या पुढून जावं लागलं, म्हणून.

थोरलीला निष्काळजीपणाबद्दल आठ महिन्यांची कैद झाली, नोकरी गेली. मामांना नुसती बदली. मला वर्षभर घरी बसवून परत घेतलं. थोरलीचा मुलगा तिला तुरुंगात भेटायला एकदाच गेला. “आई, तुला कोणी विचारलं होतं का?” म्हणाला. “सगळं मिटलं होतं. बायकोच्या माहेरी तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस.” ती सुटली तेव्हा त्याने बिऱ्हाड हलवलं होतं.

ब्रदर मात्र आला. “माझ्याबरोबर फिराल का? मी सांगतो ते लोक वहीत उतरवतात आणि विसरतात. तुमचं विसरणार नाहीत.”

तेव्हापासून ती फिरते आहे. यंदा आमच्याकडेही आली होती. शिकवताना ती आवाज चढवत नाही. तो मोठा आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. एका तरण्याबांड मामाने तिला विचारलं, “मग काय, आम्ही मार खायचा?”

“पहिला बसेल कधी कधी,” ती म्हणाली. “मागे सर. बाकीच्या बायकांना बाहेर ने. खोली रिकामी झाली की तिला मारायला उरतं कोण?”

त्याच दुपारी वॉर्डात एका मुलीने आरसा फोडून काच हातात धरली. माझ्या तोंडून निघालं, “पट्टे आणा.” तेरा वर्षं गेली, तोंडाची सवय गेली नव्हती. थोरलीने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि दारापासून लांब, भिंतीला टेकून फरशीवर बसली. “बाळा, माझे गुडघे गेलेत, मी काही तुझ्या अंगावर येणार नाही. काय झालं ते सांग, नाहीतर नको सांगू.” चाळीस मिनिटं. मुलीने तिच्याकडे पावडरचा डबा भिरकावला, भुवई फुटली. थोरलीने पदर दाबून धरला आणि तिथेच बसून राहिली. शेवटी मुलीने काच खाली ठेवली आणि आईला फोन लावून मागितला. फोन लावून दिला. एवढंच हवं होतं तिला सकाळपासून, आणि तिने ते मला दोनदा सांगितलं होतं.

याने सगळं पालटलं असं म्हणावं तर तसं नाही. गेल्याच महिन्यात पलीकडच्या इमारतीत पाळीला दोघीच होत्या. एका म्हातारीला सकाळी खाटेला बांधलं ते संध्याकाळी सोडलं. उजव्या हाताची बोटं लुळी पडली तिची, आता पेला धरता येत नाही. थोरलीला कळलं तशी दुसऱ्या दिवशी ती आली, काठी टेकत. प्रशिक्षणाच्या यादीत सतरा जणांची नावं होती. सातच जणी आल्या, त्यातल्या दोघी सही करून निघून गेल्या. तिने उरलेल्या पाच जणींना खुर्च्या जवळ ओढायला सांगितलं आणि सुरुवात केली.