मामांनी सुधारलेलं रिव्हॉल्व्हर

जगातल्या वस्तूंचे दोनच प्रकार असतात, एक चालणाऱ्या आणि दुसऱ्या मामांनी सुधारलेल्या, असं आमच्या मामींचं मत आहे. पस्तीस वर्षांच्या संसारातून तयार झालेलं मत असल्यामुळे त्यावर वाद घालायची कुणाची छाती होत नाही. हे मामा म्हणजे माझ्या बायकोचे, मुक्ताचे मामा, म्हणून माझे मामेसासरे. तरुणपणी शिकायला जर्मनीत आले, डार्मश्टाटच्या एका औषध कंपनीत चिकटले आणि निवृत्त होईपर्यंत तिथे गोळ्या तपासत राहिले. गोळीचं वजन बरोबर आहे का, किती दाबल्यावर ती फुटते, पाण्यात किती वेळात विरघळते, हे बघायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच त्यांचं काम. निवृत्तीनंतर गोळ्या बंद झाल्या, पण वही चालूच राहिली. चौकटीच्या पानांची ती जाड वही काखेत मारून मामा जगाची तपासणी करत फिरायचे, आणि जग बहुतेक वेळा नापास व्हायचं.

त्या वहीत मीही आहे. लग्नानंतर पीएच.डी.साठी मी मुक्तासह डार्मश्टाटला आलो, तेव्हा मामा आम्हाला घ्यायला विमानतळावर आले होते. गाडीत बसल्यापासून घर येईपर्यंत ते माझ्याशी अत्यंत प्रेमाने बोलले आणि घरी पोचल्यावर आत जाऊन माझी नोंद करून आले. दोन महिन्यांनी मुक्ताने ती चोरून वाचली. ‘बूट: ठीक. सामान बांधण्याची पद्धत: सदोष. उत्तर देण्यापूर्वी थांबतो. विचारी असावा किंवा कमी ऐकू येत असावं. तपासावं.’ पुढचे दोन महिने मामा माझ्याशी कधी उजव्या बाजूने तर कधी डाव्या बाजूने हळू आवाजात का बोलत होते, ते मला तेव्हा कळलं.

नवी वस्तू विकत घेणं मामांना मान्य नव्हतं. नवीन वस्तूत सुधारायला काय उरतं, असं ते विचारायचे. जर्मन लोक ठरलेल्या दिवशी घरातलं नको असलेलं सामान फुटपाथवर आणून ठेवतात, त्याला श्पेरम्युल म्हणतात. त्या दिवशी मामा सणाला निघावं तसे आंघोळ करून निघायचे. त्यांनी आणलेल्या व्हॅक्यूम क्लीनरला सुधारणेनंतर इतका जोर आला की तो गालिचा सोडेना. शेवटी मामींनी दोन्ही एकत्रच गुंडाळून ठेवले. पुण्याहून आलेल्या कुकरची शिट्टी त्यांनी अशी सुधारली की ती फक्त एकदाच व्हायची, पण त्या एका शिट्टीला वरच्या मजल्यावरची बाई जिना उतरून खाली यायची. मामींना डाळ शिजल्याचं कळायचं ते दारावरची बेल वाजली की.

असा हा माणूस नेमबाजीच्या क्लबात कसा गेला, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. मामांनी आयुष्यात झुरळही कागदावर घेऊन बाहेर सोडलेलं आहे. पण गावाबाहेरच्या वस्तीत घर घेतल्यावर शेजारच्या म्हाताऱ्या सुताराने त्यांना बजावलं की इथे कुठल्यातरी फेराइनमध्ये, म्हणजे मंडळात असल्याशिवाय माणसाला कुणी हिशेबात धरत नाही. वस्तीत मंडळं दोनच होती, पुरुषांचं गायनमंडळ आणि नेमबाजांचं. मामा आधी गायनमंडळात गेले. तिथे त्यांचं एक गाणं ऐकून घेऊन मंडळाने स्वतः त्यांना नेमबाजांकडे पोचवलं. तिथे तो सुतार त्यांचा गुरू झाला. वीस वर्षं दोघे दर बुधवारी शेजारी उभे राहून कागदावर गोळ्या झाडायचे आणि नंतर एक जण बिअर तर दुसरा सफरचंदाचा रस प्यायचा. सुतार क्लबातला उत्तम नेमबाज होता. मामा शेवटून दुसरे यायचे, आणि शेवटून पहिल्याला मोतीबिंदू होता.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची ही गोष्ट. सुताराचा हात थरथरायला लागला. त्याच्याकडे एक जुनं रिव्हॉल्व्हर होतं, सिंगल ॲक्शन जातीचं. म्हणजे प्रत्येक गोळीला मागचा घोडा अंगठ्याने ओढून बसवायचा, त्याबरोबर गोळ्यांचं चक्र एक घर फिरतं, मगच चाप दाबायचा. आणि गोळ्याही बाजूच्या छोट्या दारातून एकेक करून भरायच्या. ते रिव्हॉल्व्हर त्याने मामांना विकलं. विकताना म्हणाला की शरदातल्या स्पर्धेनंतर मी बर्लिनला मुलीकडे राहायला जाणार, त्याआधी एकदा ते तुझ्या हातात नीट चालताना बघू दे, म्हणजे मी निवांतपणे जाईन. मामांनी शब्द दिला. त्यांनी आजवर वस्तूंकडून खूप अपेक्षा ठेवल्या होत्या, पण त्यांच्याकडून कुणी ठेवण्याची ही पहिलीच वेळ असावी. 

परवाना, शिक्के, क्लबाचं पत्र आणि तळघरात जमिनीला ठोकलेली लोखंडी तिजोरी असं सगळं झाल्यावर रिव्हॉल्व्हर घरी आलं. मामी म्हणाल्या, “बंदुकीला तिजोरी, आणि माझ्या पाटल्या साबुदाण्याच्या डब्यात.” मामांचं लक्ष नव्हतं. वहीत त्यांनी नवीन पान उघडलं होतं आणि त्यावर त्रेचाळीस मुद्दे काढले होते. चक्र किती हलतं, चक्र आणि नळी यांच्यात फट किती, घोड्याचा आवाज कोरडा आहे की ओला, दाराची बिजागरी, स्क्रूंच्या खाचा. टॉर्च धरायला मला बोलावलं होतं. दर वेळी आधी मामा चक्र रिकामं असल्याचं बघायचे, मग मी बघायचो, मग जिन्यातून मामींना हाक मारून त्यांना बघायला लावायचे, आणि तिघांचं एकमत झाल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत.

चापाला किती जोर लागतो हे मोजायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. म्हणून त्यांनी रिव्हॉल्व्हर घोडा ओढून, नळी वर करून शिकंज्यात आवळलं, चापाला कापडी पिशवी टांगली आणि तिच्यात चमच्याचमच्याने मामींचा साबुदाणा ओतायला सुरुवात केली. बराच वेळ काही झालं नाही. मी टॉर्च या हातातून त्या हातात घेतला. अखेर खट्‌ असा आवाज आला आणि मामांनी पिशवी सोडवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. “एक किलो नऊशे. जास्त आहे, जावईबापू,” ते समाधानाने म्हणाले. दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती. उपासाच्या खिचडीला बंदुकीच्या तेलाचा वास येतोय, असं मामी म्हणाल्या. मामांनी चव घेऊन तेल बरोबर ओळखलं.

आतल्या भागांना मात्र ते स्वतः हात लावणार नव्हते. रस्ता मोकळा असतानाही लाल दिव्यापाशी थांबणारा माणूस तो. कायद्याने ते काम परवाना असलेल्या कारागिराचं म्हटल्यावर प्रश्नच मिटला. कारागिराने एका दिवसात स्प्रिंग बदलली, दोन कडा गुळगुळीत केल्या आणि सांगितलं की आता याला काहीही करू नका. हे वाक्य मामांना आयुष्यभर अनेकांनी ऐकवलं होतं. त्यांनी ते याही वेळी ऐकलं, आणि घरी येऊन मूठ बदलली. जुनी मूठ पेअरच्या लाकडाची होती आणि तिच्यावर अंगठ्याच्या मुळाशी एक खळगा होता. वहीत नोंद झाली: ‘मूठ: डावीकडे खळगा. दोष.’ श्पेरम्युलात मिळालेल्या टेबलाच्या पायापासून त्यांनी दोन आठवडे खपून नवी मूठ कोरली. ती हातात धरली की टेबल उचलल्यासारखंच वाटायचं, पण त्रेचाळीसच्या त्रेचाळीस मुद्द्यांपुढे बरोबरच्या खुणा झाल्या.

स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात दसरा आला. इतकी वर्षं मामांच्या घरी दसऱ्याला पक्कड, ड्रिल आणि गाडीची किल्ली यांची पूजा व्हायची. या वर्षी घरात खरंखुरं शस्त्र होतं. मामांनी सोवळ्यासारखा स्वच्छ ॲप्रन घातला, रिव्हॉल्व्हरला ताजं तेल दिलं, आणि चक्र काढून वेगळ्या ताटलीत ठेवलं, कारण प्रत्येक भागाला आपली पूजा मिळायला हवी असं त्यांचं म्हणणं. बंदुकीवर सहा महिने नाक मुरडणाऱ्या मामीही पूजा म्हटल्यावर हात आखडणाऱ्यातल्या नव्हत्या. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता तर मूठमूठ टाकल्या. आपट्याची पानं नव्हती म्हणून बागेतली कुठलीशी पानं ठेवली. आरती झाली, श्रीखंड खाल्लं, आणि मामांनी रिव्हॉल्व्हर मऊ फडक्याने पुसून, जोडून, तिजोरीत ठेवलं.

दोन दिवसांनी सरावाला चक्र अडकलं. तीन गोळ्या नीट सुटल्या आणि चौथ्या वेळी घोडा अर्ध्यावर येऊन थांबला. कधी फिरायचं, कधी नाही, नेम म्हणून नाही. मामांनी ते रिकामं करून घरी आणलं आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. मुद्दे त्रेचाळीसचे एकसष्ट झाले. स्प्रिंगवर संशय, तळघरातल्या दमटपणावर संशय, एकदा माझ्या टॉर्चवरही संशय येऊन गेला. कारागिराच्या दुकानावर पाटी होती की मालक तीन आठवडे सुट्टीवर आहेत. स्पर्धा चार दिवसांवर आली. मामींनी मुक्ताला फोन करून काळजीच्या सुरात सांगितलं, “अगं, दोन दिवस झाले, हे कुकरलासुद्धा हात लावत नाहीयेत.” हे ऐकून मीही घाबरलो.

शेवटी आदल्या दुपारी मामा मला घेऊन क्लबावर गेले. सुतार तिथे बसला होता. मामांनी रिव्हॉल्व्हरचा डबा त्याच्यासमोर ठेवला आणि परीक्षेत नापास झालेल्या मुलाने सांगावं तसं खाली बघून सांगितलं की मी याला सुधारलं आणि आता हे चालत नाही. म्हाताऱ्याने डोळे मिटले. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा घोडा त्याने थरथरत्या अंगठ्याने दोनदा ओढून बघितला, ऐकलं, आणि म्हणाला, “आल्झो,” म्हणजे ‘हं, तर’, “आत काहीतरी आहे.” मग त्याने चक्र काढलं, रिव्हॉल्व्हर उलटं केलं आणि तळहातावर हळूहळू ठोकत राहिला. चक्राला ढकलणारी एक छोटी पट्टी असते, तिच्या खाचेतून काहीतरी निसटून टेबलावर पडलं. तेलात भिजलेला, लालभडक तांदळाचा एक दाणा.

चष्मा काढून, चष्मा लावून सुताराने तो पाहिला. हे काय, असं त्याने विचारलं. मामांनी शुद्ध जर्मनमध्ये, कंपनीत अहवाल द्यावा तसं सांगितलं, की हा तांदूळ आहे. वर्षातून एकदा आम्ही अवजारांना कुंकू आणि तांदूळ वाहतो. त्यांनी वर्षभर आपलं काम केलं म्हणून त्यांना नमस्कार करतो. चूक माझी आहे, वाहण्यापूर्वी खाच झाकायला हवी होती. म्हाताऱ्याने दाणा बोटाने उचलून तळहातावर घेतला. “माझ्या रंध्याला मी चाळीस वर्षं नुसत्या शिव्या दिल्या,” तो म्हणाला. मग त्याची नजर टेबलाच्या पायाच्या मुठीवर गेली आणि त्याने काहीच विचारलं नाही. ते न विचारणं मामांना फार लागलं असावं. त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली जुनी मूठ काढली. म्हणजे ती गेले कितीतरी दिवस ते खिशात घेऊन फिरत होते.

ती मूठ सुताराने आपल्या बागेत पडलेल्या पेअरच्या झाडातून केली होती, हे तेव्हा कळलं. आणि तो खळगा कोरलेला नव्हता. तीस वर्षं तिथे त्याचा अंगठा टेकत होता. मामांनी तिथेच बसून नवी मूठ काढली, जुनी बसवली आणि वही मात्र उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारा मफलर गुंडाळून काचेमागे बसला. मामांनी अठरा गोळ्या झाडल्या. घोडा ओढायचा, श्वास सोडायचा, चाप दाबायचा. चक्र एकदाही अडलं नाही. सतरा गोळ्या काळ्या गोलात लागल्या. अठरावी शेजारच्याच्या कागदावर लागली आणि त्याला दहा गुण देऊन गेली, त्यामुळे तो पहिला आला आणि मामा शेवटून सहावे. मामांच्या आयुष्यातला तो सर्वोच्च क्रमांक. काचेमागे सुतार दोन्ही हातांनी टेबल बडवत होता, आणि हात थरथरत असल्यामुळे ते जरा जास्तच बडवलं जात होतं. मामी त्या संध्याकाळी सगळ्या क्लबासाठी साबुदाण्याचे वडे घेऊन आल्या. एकेका वड्याचं वजन मामांनी नीट ओळखलं.

सुतार बर्लिनला गेला. पुढे दर दसऱ्याला सकाळी त्याचा फोन यायचा. एवढंच विचारायचा, “तांदूळ वाहिला का? खाच झाकली ना?” मामा म्हणायचे, “गेनाऊ,” म्हणजे अगदी बरोबर, आणि दोघे फोन ठेवायचे. एका दसऱ्याला फोन आला नाही. मामांनी दुपारपर्यंत पूजा थांबवून ठेवली. मग मामींनीच हलकेच निरांजन लावलं. त्या वर्षी खाच झाकायला मामा विसरले नाहीत, पण आरतीत मध्येच थांबले.

आता मामा-मामी पुण्याला परतले आहेत. रिव्हॉल्व्हर क्लबातल्या एका तरुण दंतवैद्य बाईकडे गेलं, पेअरच्या मुठीसकट. मूठ बदलायची नाही, एवढी एकच अट मामांनी घातली. जाताना वही त्यांनी मला दिली. आमच्या घरातला कुकर हल्ली व्यवस्थित चालतो, तीन शिट्ट्या देतो, आणि वरच्या मजल्यावरून कुणी खाली येत नाही. कधीतरी अशीच वही उघडतो. माझं पान चाळून मी रिव्हॉल्व्हरच्या पानावर येतो. तिथे ‘मूठ: डावीकडे खळगा. दोष’ यातला दोष हा शब्द मामांनी पट्टी धरून खोडला आहे आणि पुढे बारीक अक्षरात लिहिलं आहे: ‘आज माझाही अंगठा बसला.’